बहात्तरातले एकोणसत्तर तास

डॉक्टर मॅडमनं माझ्या हातातली गोळ्यांची पट्टी घेतली, उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मग पेनानं टेबलावर तीनदा टकटक केलं. पाच महिन्यांच्या ओळखीत मले एवढं कळलं होतं, की मॅडमचं पेन वाजलं म्हणजे बातमी चांगली नसते.

"नीलिमा, नीट ऐक. ही ती गोळी नाही."

मी हसली. माझं तसंच आहे, भ्याव वाटलं की पहिले हसू येते. मी म्हणलं, मॅडम, पाळीचीच गोळी आहे, आमच्या घरच्या सगळ्या बायका घेतात.

"ही पाळी पुढे ढकलायची गोळी आहे. दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी वेगळी. रविवारपासून तू काहीच घेतलेलं नाहीस, असं समज."

बाजूच्या स्टुलावर माझी मोठी जाऊ वंदनाताई बसली होती. पट्टी तिचीच होती. ती एकदम भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे पाहू लागली.

हे सावंगीच्या दवाखान्यात, एका बुधवारी सकाळी अकरा वाजता झालं. ज्या बायकांवर अशी वेळ येऊ शकते त्यांच्यासाठी लिहून राह्यली, म्हणून काही लपवत नाई. लाज मी त्याच दिवशी तिथल्या बाकड्यावर सोडून आली.

पहिले मी कोण ते सांगते. मी आष्टीची. शाळेत अभ्यासात बरी, नकला करण्यात पहिली. हेडसरांचा आवाज काढून मी एकदा अख्ख्या वर्गाले सुट्टी दिली होती, वर्ग गेलाही होता. लग्न करून बोरगाव मेघेले आली. नवरा प्रफुल शाळेत मास्तर. सासूबाईले आम्ही सगळे आईच म्हणतो, आणि आईची नक्कल मी आईच्या पाठीमागं इतकी झकास करते, की एकदा वंदनाताईनं खरंच उठून गॅस बंद केला.

आता आजार. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिवस राह्यले. तिसऱ्या महिन्यात रक्त जाऊ लागलं, सोनोग्राफी केली, तर पोटात बाळच नव्हतं. याले मोलर प्रेग्नन्सी म्हणतात. मराठीत द्राक्षगर्भ. म्हणजे गर्भ बनायच्या ऐवजी बाळाले पोसणारी वार वेडीवाकडी वाढते, द्राक्षाच्या घोसासारखी. नाव ऐकायले गोड आहे, तेवढंच.

भर उन्हाळ्यात माझी पिशवी साफ केली. पण गोष्ट तिथं संपत नाई. त्या घोसाचा एखादा कण आत राह्यला तर तो पुन्हा वाढू शकते, क्वचित कॅन्सरसारखाही वाढते. तो वाढला की नाई हे कळायले एक रक्ताची तपासणी असते, बीटा एचसीजी. हे पोटुशी बाईच्या रक्तात वाढणारं हार्मोन. आजार पलटला तरी हेच वाढते. म्हणून मॅडमनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की आकडा नॉर्मल झाल्यावरही सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. राह्यले तर आकडा चढणार, आणि तो बाळानं चढला की आजारानं, हे लवकर कळणार नाई.

जुलैत माझा आकडा नॉर्मल झाला. तेव्हापासून महिन्याले एक वारी सावंगीची. रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या मले दिल्या होत्या, पण पहिल्याच आठवड्यात मळमळ झाली आणि मीच बंद केल्या. मग प्रफुलनं काळजी घ्यायची असं ठरलं. त्याचं निरोधाचं पाकीट आमच्या खोलीतल्या कपाटात, वरच्या कप्प्यात, स्वेटरच्या मागं. सगळं बरोबर चाललं होतं. मग महालक्ष्म्या आल्या.

आमच्या घरी महालक्ष्म्या सगळ्यात मोठ्या खोलीत बसतात. ती खोली आमची. तीन दिवस देवीचे, पण त्याच्या आधी मांडवाची तयारी आणि नंतर आवरासावर, मिळून आठवडाभर आम्ही बेघर. प्रफुल गच्चीवर, मी बायकांमध्ये हॉलमधी. मांडवाचे पाइप बरोबर कपाटाच्या दाराले टेकून उभे राहतात. कपाट उघडायचं म्हणजे मांडव हलवायचा, आणि मांडव आई स्वतः आंघोळ करून सोडते, तोवर कोणी बोट लावत नाई.

त्याच दिवसांत आमच्या घरात आणखी एक गोष्ट फिरते. पाळी पुढं ढकलायची गोळी. देवीच्या दिवसांत कोणाची तारीख आली तर तिनं स्वयंपाकात यायचं नाई, आणि सोळा भाज्या, पुरण, आंबील करायले हात तर पाहिजेत. म्हणून वंदनाताई आधीच पट्ट्या आणून ठेवते. चुलतसासू, नणंद, शेजारच्या दोघी, ज्याले लागन त्याले देते. कोणी डॉक्टरले विचारत नाई. हळदीकुंकवाच्या बाजूले पट्टी ठेवलेली असते, सुपारीसारखी.

मले त्या वर्षी लागली नाई. विसर्जनाच्या सुमाराले माझी पाळी येऊन बाराच दिवस झाले होते. हा बारा लक्षात ठेवा.

विसर्जन झालं, आणि रविवारी दुपारी आई आणि ताई सगळ्यांले घेऊन पाहुण्यांकडे प्रसाद द्यायले गेल्या. घर रिकामं. आठवड्याचे बेघर नवराबायको घरात. कपाट मांडवाच्या मागं. पुढचं मी सांगायची गरज नाई, आणि प्रफुल हे वाचणार आहे.

सोमवारी सकाळी माझं डोकं ठिकाणावर आलं. मेडिकलमधून ती चोवीस-बहात्तर तासांची गोळी आणावी हे मले माहीत होतं, टीव्हीवर पाह्यलं होतं. पण आमच्या चौकातला मेडिकलवाला सासऱ्यांचा मित्र. गोळी देता देता म्हणला असता, बाबाले नमस्कार सांगजो. प्रफुल म्हणला, शाळेतून येताना दुसरीकडून आणतो. मले तेवढाही धीर नव्हता. तेवढ्यात पट्टी दिसली, कुंकवाच्या करंड्याजवळ.

मी असा हिशेब लावला: ही गोळी पाळी थांबवते, म्हणजे आतलं सगळंच थांबवते. घराच्या मेन स्विचसारखं. स्विच बंद केला तर पंखाही बंद, टीव्हीही बंद. मी एक सकाळी घेतली, एक संध्याकाळी घेतली, वरून आणखी दोन दिवस घेतल्या, म्हणजे काम पक्कं. प्रफुलले फोन करून सांगितलं, आणू नका, घरातच होती. आणि बुधवारी रक्त द्यायले गेली तेव्हा मॅडमनं नेहमीसारखं विचारलं, काळजी घेताय ना? तर मी शहाणी पोरगी गृहपाठ दाखवते तशी पट्टी काढून दाखवली.

आता पुन्हा त्या टेबलाकडे या.

मॅडम वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. नाशिककडच्या. बोलतात शांत, शब्द मोजून. मले वाटलं आता रागावतील. त्या बोटांवर मोजू लागल्या. रविवारी किती वाजता? मी म्हणलं, दोन. वंदनाताईनं भिंतीवरच्या बाळाकडून नजर हलवली नाई. मॅडम म्हणाल्या, "रविवार दोन ते बुधवार दोन, बहात्तर. आता अकरा. एकोणसत्तर तास गेले."

मग त्यांनी समजावलं, आणि हेच तुम्ही नीट वाचा. त्या खऱ्या गोळीचं नाव लिव्होनॉरजेस्ट्रेल. इमर्जन्सी कॉन्ट्रासेप्टिव्ह, म्हणजे वेळ चुकली तर घ्यायची गोळी. एकदाच घ्यायची. ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज पडायचं असन तर उपयोग होते, पडून गेलं असन तर ती काही करू शकत नाई. बारावा दिवस म्हणजे बरोबर बीज पडायच्या आसपासचा. दिवस राह्यलेले असतील तर ही गोळी ते पाडतही नाई.

मी विचारलं, मॅडम, तीन तास उरले, मग दोन वाजून पाच मिनिटांनी काय होते?

"तिथे भिंत नाही, उतार आहे. जितक्या लवकर घेशील तितका उपयोग जास्त. नंतर घेतलेली अगदी वाया जात नाही, पण भरवसा कमी होतो. सोमवारी सकाळी आली असतीस तर तू उताराच्या वरच्या टोकाला होतीस."

दुसरा उपाय तांबीचा. कॉपर टी. पाच दिवसांच्या आत बसवली तर ती गोळीपेक्षाही पक्की. पण तांबीनं मधी मधी रक्त जाऊ शकते, आणि माझ्या केसमधी रक्त गेलं तर ते तांबीमुळं की आजारामुळं हा नवा घोळ. त्या आतल्या खोलीत जाऊन त्यांच्या मोठ्या मॅडमले विचारून आल्या. गोळीच ठरली. लघवीची तपासणी केली, रक्त घेतलं, चिठ्ठी दिली.

बाहेर आल्यावर वंदनाताई म्हणाली, काही बोल ना, त्या मॅडमचा आवाज काढ. मी तोंड उघडलं, आवाजच निघाला नाई. कोणाचाच. तेव्हा मले पहिल्यांदा खरं भ्याव वाटलं. पाच महिने सुया टोचून घेतल्या होत्या, आकडा एकेक पायरी खाली आणला होता, आणि एका रविवारनं सगळा जिना पुन्हा वर चढायची वेळ येणार होती. त्याहून वाईट म्हणजे आजार पलटला तरी तो बाळाच्या आड लपून बसला असता.

प्रफुलले फोन केला. तो शाळेतून दोन तास मागून स्कूटरवर आला. औषधाच्या खिडकीपुढं बायकांची ही लांब रांग. मी म्हणलं, मी लागते. तो म्हणला, "चूक दोघांची आहे, रांगेत मी लागतो." पुढच्या मागच्या बायका त्याले पाहत होत्या. खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी पाहून मोठ्यानं गोळीचं नाव वाचलं, तर मास्तरनं, पोरं वर्गात हजेरी देतात तशी मान वर करून म्हणलं, हो, तीच. माझ्या नवऱ्याची मी कितीतरी टिंगल केली आहे. त्या दिवशी नाई केली.

बारा वाजून वीस मिनिटांनी मी गोळी घेतली. एवढीशी. हरभऱ्याच्या डाळीहून थोडी मोठी.

मॅडमनं सांगितलं होतं, दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्यावी लागन, म्हणून इथंच बसून रहा. प्रफुलले पाचव्या वर्गाचा तास होता, त्याले मी परत पाठवलं. मी आणि ताई बाकड्यावर. समोर एक सिस्टर नाकातून आवाज काढून नंबर पुकारत होती. माझं तोंड आपोआप तसं व्हायले लागलं, तशी ताईनं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"निलू, दोन तास कोणाची नक्कल करू नको. हसता हसता ओकशील."

अर्ध्या तासानं ती माझ्याकडे न पाहता बोलू लागली.

"आमची चिऊ कशी झाली मले आज कळलं."

चिऊ म्हणजे तिची धाकटी, सात वर्षांची. मी म्हणलं, म्हणजे?

"त्या वर्षी मी या गोळ्या पंधरा दिवस घेतल्या होत्या. आधी महालक्ष्म्या, मग माहेरी पूजा. मले वाटे, गोळी चालू आहे तोवर काही भेव नाई. मंग चिऊ राह्यली. तवा माझी तब्येत पाह्यली नव्हती तू, उभं राहायची ताकद नव्हती. सगळे म्हणले, देवीनं दिली." तिनं पिशवी मांडीवर ओढली. "अन् मी बारा वर्षांपासून बायकांले वाटून राह्यली. कोणाकोणाले काय काय सांगितलं असन मी."

मी म्हणलं, ताई, मी तुमाले विचारलं कुठं, मी तर चोरून घेतली.

"विचारलं असतं तर मी घे म्हणलं असतं. थेच तर."

मी विचारलं, मग चिऊ देवीनं दिली की नाई? ताई म्हणाली, देवीनंच दिली, त्यात काही बदल नाई. पण बाकीच्या बायकांले आता खरं सांगीन. आणि पदरानं डोळे पुसून तिनं पिशवीतून मुरमुरे काढले. दवाखान्यात कसंही रडू आलं तरी आमच्या घरची बाई मुरमुरे नेल्याशिवाय जात नाई.

पावणेतीन वाजले. उलटी झाली नाई. आम्ही ऑटोनं घरी आलो.

त्यानंतरचे दिवस सगळ्यात लांब. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी नॉर्मल आला, पण तो काही कामाचा नव्हता. तीन दिवसांत दिवस राह्यल्याचं रक्तात दिसतच नाई. मॅडमनं सांगितलं होतं, पाळी पुढंमागं होऊ शकते, त्यात तू त्या दुसऱ्या गोळ्या घेऊन आणखी गोंधळ घातलास. तारखेच्या वर आठ दिवस गेले तर लगेच ये, नाहीतर तीन आठवड्यांनी रक्त द्यायला येच.

मी घरात कामं करत होती, नकला बंद होत्या. आई एकदा म्हणाली, ही पोट्टी चूप काऊन झाली, बरं नाई का हिले? ताई म्हणाली, थकली असन. तारीख आली, गेली. एक दिवस वर, दोन, तीन. मी नेटवर काही पाह्यलं नाई. तुम्हीही पाहू नका. तिथं प्रत्येक बाईची वेगळी कहाणी असते आणि प्रत्येक कहाणी आपलीच वाटते. चौथ्या दिवशी प्रफुलनं कॅलेंडर भिंतीवरून काढून वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं. पाचव्या दिवशी मीच शोधून परत लावलं.

सहाव्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता पोटात दुखलं. मी बाथरूममधी गेली आणि पाच मिनिटांनी बाहेर येऊन ताईच्या कानात एसटी स्टँडवरच्या बाईचा आवाज काढला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, आष्टीकडून येणारी गाडी सहा दिवस उशिरा फलाटावर लागली आहे." ताई आधी समजलीच नाई. समजली तेव्हा हातातली उलथणी तव्यावर तशीच राह्यली आणि पोळी जळाली.

पण आमची खरी खात्री रक्तावर होती. दोन दिवसांनी सावंगीले गेली. रिपोर्ट मॅडमच्या कॉम्प्युटरवर संध्याकाळी आला. मी त्यांच्या पेनाकडे पाहत होती. पेन वाजलं नाई. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आकडा जिथं पाहिजे तिथंच, खाली, शांत बसलेला.

मॅडमनं मग मले रोजची दुसरी गोळी सुरू करून दिली, मळमळ झाली तर बंद करायच्या आधी फोन करायचा या अटीवर. मी विचारलं, मॅडम, तुम्ही मले रागावल्या काऊन नाई? त्या म्हणाल्या, "तू पट्टी दाखवलीस. रागावले असते तर पुढच्या वेळी लपवली असतीस."

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं.

जानेवारीत माझे सहा महिने पूर्ण झाले. फाइल बंद झाली. आता आम्हाले वाटन तेव्हा विचार करू शकतो, असं मॅडम म्हणाल्या. अजून विचार केला नाई. सध्या फक्त कोणी सुई टोचत नाई याचंच सुख घेऊन राह्यलो.

त्याच महिन्यात घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हॉलभर बायका. वाण देऊन झालं आणि कोणीतरी म्हणलं, नीलिमा, नक्कल कर ना. ताईनं माझ्याकडे पाह्यलं, मी ताईकडे. मग मी खुर्ची घेतली, चष्मा नव्हता म्हणून ताईचा मागून कपाळावर चढवला, आणि लाटण्यानं टीपॉयवर तीनदा टकटक केलं.

"नीट ऐका. ही ती गोळी नाही."

अर्ध्या बायका हसल्या, अर्ध्या चूप झाल्या. चूप झाल्या त्यांच्याकडे पाहून मी पुढचं सांगितलं. मॅडमच्याच आवाजात सांगितलं, म्हणून जमलं. माझ्या आवाजात नसतं जमलं. कोणती गोळी कशाची, किती तासांत, भिंत नाई उतार आहे, तांबीचे पाच दिवस, उलटी झाली तर काय. ताई मधून मधून म्हणत होती, माझ्याकडच्या पट्ट्या आता मी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कोणाले देणार नाई, मांगू नका. दोघीतिघी जणी नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच पुन्हा विचारून गेल्या. एकीनं तर तिथंच मोबाइलवर दवाखान्याची वेळ पाह्यली.

आई कोपऱ्यात बसून तिळाच्या वड्या वाटत होती. मले वाटलं आता बोलणी खावी लागणार. ती म्हणाली, "थे बहात्तर तासवालं पुन्हा एकदा करून दाखव. शेजारची सून आताच आली, तिनं ऐकलं नाई."

मी पुन्हा केलं.

बायका गेल्यावर मी खोलीत सतरंजी घडी करत होती. आई दारात आली. खोलीकडे पाह्यलं, कपाटाकडे पाह्यलं, माझ्याकडे नाई पाह्यलं.

"पुढच्या वर्षी महालक्ष्म्या हॉलमधी बसवू," ती म्हणाली. "या खोलीत तुमाले कपाटाची अडचण होते."

आणि गेली.

आईची नक्कल मी आजवर शंभरदा केली असन. हे वाक्य मी इथं लिहिलं, पण आवाज काढून अजून कोणापुढं करून दाखवलं नाई.